वेळ चुकलेला निरोप : पाण्यातील रसायने आणि कीटकांची संप्रेरके

एखादे रसायन पाण्यातील जीवांना अपायकारक आहे की नाही, हे ठरवण्याची नेहमीची रीत सोपी आहे. काही भांड्यांत ते रसायन वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळायचे, त्यांत मासे, पाणपिसवा किंवा कीटकांच्या अळ्या सोडायच्या आणि २४, ४८ किंवा ९६ तासांनी किती मेले ते मोजायचे. आपल्या देशातही पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत अशी कसोटी आहे. सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे जगले पाहिजेत, अशी ती अट आहे.

आता दुसरे एक भांडे डोळ्यांसमोर आणू या. त्यात डासाच्या अळ्या आहेत आणि पाण्यात मेथोप्रीन नावाचे रसायन अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेले आहे. दुसऱ्या दिवशी पाहिले तर सर्व अळ्या जिवंत. तिसऱ्या दिवशीही त्या वर येऊन श्वास घेतात, खाली जातात, खातात, वाढतात. पुढे त्यांचे स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष होतात. इथपर्यंत बिघाडाचे कोणतेही चिन्ह नाही. मात्र कोषातून डास बाहेर पडायची वेळ येते, तेव्हा तो बाहेर पडत नाही. काही कोष तसेच मरतात, तर काहींतून डास अर्धवट बाहेर येतो आणि पाण्यावरच अडकून मरतो. ४८ तासांनी आकडा लिहून वही मिटली असती, तर हेच पाणी निर्धोक ठरले असते.

अळीला विषबाधा झाली नव्हती, मग ती डास का होऊ शकली नाही? या प्रश्नाचे उत्तर कीटकांच्या संप्रेरकांत आहे. तेच या लेखात पाहू या.

कात टाकण्याचा हुकूम

कीटकाचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो. हे कवच एकदा कडक झाले की वाढत नाही. म्हणून वाढायचे तर जुने कवच टाकून आतून तयार झालेले नवे, मऊ कवच ताणून मोठे करावे लागते. यालाच आपण कात टाकणे म्हणतो. डासाची अळी चार अवस्थांतून जाते, मग कोष होतो आणि कोषातून डास बाहेर येतो. चतुराची अळी मात्र पाण्यात अनेकदा कात टाकते आणि कोष न करताच शेवटच्या कातीतून पंखांसह बाहेर पडते.

कात कधी टाकायची आणि टाकल्यावर पुन्हा अळीच राहायचे की रूप बदलायचे, हे शरीराला कोण सांगते? पोलंडमधील स्टेफान कोपेच यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून १९१७ साली याचा पहिला धागा हाती आला. शेवटच्या अवस्थेतील अळीचा मेंदू ठरावीक दिवसाच्या आधी काढला, तर तिचा कोष होत नसे. तोच मेंदू त्या दिवसानंतर काढला, तर कोष नेहमीसारखा होई. अळीच्या मध्यावर दोरा आवळून बांधला, तर फक्त पुढचा भाग कोष बने आणि मागचा अळीच राही. याचा अर्थ असा की डोक्याकडून काहीतरी रक्तावाटे मागे जात होते आणि दोऱ्याने ती वाट अडली होती. मेंदू संप्रेरक तयार करू शकतो ही कल्पना त्या काळी इतकी नवी होती, की तिच्याकडे बरीच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे १९३०च्या दशकात ब्रिटनमधील व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी ऱ्होड्नियस या रक्तपिपासू ढेकणावर काम केले. दोन ढेकणांचे रक्तप्रवाह एकमेकांना जोडून त्यांनी दाखवले, की कात टाकण्याचा संदेश एका शरीरातून दुसऱ्यात जातो. मेंदूमागच्या एका लहानशा ग्रंथीतून आणखी एक द्रव्य पाझरते आणि ते कीटकाला बाल्यावस्थेत ठेवते, हेही त्यांनी दाखवले.

आज आपण या दोन द्रव्यांना एक्डायसोन आणि बालसंप्रेरक या नावांनी ओळखतो. एक्डायसोन शुद्ध स्वरूपात मिळवायला बुटेनांड्ट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांना १९५४ साली रेशमाचे ५०० किलोग्रॅम कोष वापरावे लागले. त्यांतून हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक! संप्रेरके किती थोड्या मात्रेत काम करतात, याची कल्पना विद्यार्थ्यांना देण्यासाठी हे दोन आकडे पुरेसे आहेत.

या दोन संप्रेरकांचा संबंध शाळेच्या उदाहरणाने समजून घेता येईल. एक्डायसोन ही तास संपल्याची घंटा आहे. घंटा झाली की कात टाकायची, एवढेच ती सांगते. पुढचा तास कोणता, हे घंटा सांगत नाही, ते वेळापत्रक सांगते. बालसंप्रेरक हे ते वेळापत्रक. घंटेच्या वेळी रक्तात बालसंप्रेरक भरपूर असेल, तर कात टाकून पुन्हा अळीच होते. ते जवळजवळ नाहीसे झाले असेल, तर रूपांतरणाला सुरुवात होते. शेवटच्या अवस्थेत शरीर स्वतःच बालसंप्रेरकाचा पुरवठा थांबवते. असलेले बालसंप्रेरक विकरांच्या साहाय्याने मोडूनही टाकते.

म्हणजे संप्रेरक किती आहे याच्याइतकेच ते कधी आहे यालाही महत्त्व आहे. तिसऱ्या अवस्थेतील अळीच्या शरीरात बालसंप्रेरक असणे अगदी स्वाभाविक. तेच द्रव्य शेवटच्या अवस्थेच्या अखेरीस असले, तर घात होतो.

कागदाने घातलेला घोळ

बाहेरून आलेले द्रव्य संप्रेरकाची जागा घेऊ शकते, हे एका योगायोगाने उघड झाले. कारेल स्लामा हे चेक शास्त्रज्ञ १९६४ साली प्रागहून अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे काम करायला गेले. जाताना त्यांनी पायऱ्होकोरिस नावाचे लाल-काळे ढेकूण सोबत नेले. कपाशीच्या बोंडांवर दिसणारा आपल्याकडचा लाल ढेकूण त्याच कुळातला. प्रागमध्ये हे कीटक पाचव्या अवस्थेनंतर बिनचूक प्रौढ होत. हार्वर्डमध्ये मात्र ते पाचवीनंतर सहावी, क्वचित सातवी बाल्यावस्था गाठू लागले. आकाराने ते मोठे झाले, पण प्रौढ न होताच मेले.

अन्न, पाणी, प्रकाश, सगळे तपासून झाल्यावर संशय आला तो डबीत अंथरलेल्या कागदी टॉवेलवर. प्रागमध्ये गाळणकागद वापरत, इथे टॉवेलचा कागद होता. मग निरनिराळे कागद आणून पाहिले. अमेरिकन वृत्तपत्रांच्या कागदावर कीटकांची वाढ बिघडे, लंडनच्या 'टाइम्स'च्या कागदावर ती सुरळीत होई! अमेरिकन कागद बाल्सम फर या झाडाच्या लगद्याचा होता आणि त्या झाडात बालसंप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य होते. १९६६ साली विल्यम बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले. त्याला नाव मिळाले जुवाबायोन. भारतातल्या लाल ढेकणावरही या कागदाचा तसाच परिणाम होतो, हे त्याच वर्षी दाखवले गेले.

यात लक्षात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. कीटकांनी कागद खाल्ला नव्हता, नुसत्या स्पर्शाने ते द्रव्य शरीरात गेले. दुसरे म्हणजे लाकडाचा लगदा, रासायनिक प्रक्रिया आणि छपाई यांतून जाऊनही त्या द्रव्याचा गुण टिकला होता. ज्याला आपण निष्क्रिय वस्तू समजतो, तिच्यातही कोणासाठी तरी निरोप असू शकतो.

मुद्दाम धाडलेला खोटा निरोप

विल्यम्स यांनी यात एक संधी पाहिली. नेहमीची कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि मज्जासंस्था तर माणसालाही आहे. बालसंप्रेरक मात्र माणसाच्या शरीरात नाही. मग कीटकालाच त्याचा स्वतःचा संदेश अवेळी दिला तर? १९६७ साली त्यांनी अशा द्रव्यांना 'तिसऱ्या पिढीची कीटकनाशके' म्हटले. त्यांतूनच मेथोप्रीन तयार झाले आणि १९७५ साली अमेरिकेत त्याला वापराची परवानगी मिळाली. पुढे पायरिप्रॉक्सिफेन आले.

डासांविरुद्ध ही द्रव्ये खरोखरच उपयोगी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांतही पायरिप्रॉक्सिफेन वापरता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. त्यासाठी सांगितलेली कमाल मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १००० लिटरच्या टाकीला १० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी मात्रेतही डास कोषाबाहेर येणे थांबते. पेरू देशातील इक्विटोस शहराच्या दफनभूमीत एक प्रयोग झाला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डासांच्या माद्या जिथे विसावतात, अशा थोड्याच जागांवर पायरिप्रॉक्सिफेनची भुकटी लावली होती. माद्यांच्या पायांना चिकटून भुकटी जेवढी जाईल, तेवढीच त्या अंडी घालण्याच्या पाण्यात पडली. तेवढ्यानेही त्या पाण्यातील पुष्कळ अळ्या डास होऊ शकल्या नाहीत.

या द्रव्यांना पेशी फसतात कशा? संप्रेरक पेशीत शिरले की एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन बसते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. ग्राही आणि संप्रेरक यांची जोडी जनुकांवर बसून काही जनुके चालू करते, तर काही बंद. एक्डायसोनचा ग्राही १९९१ साली फळमाशीत सापडला. बालसंप्रेरकाचा ग्राही मात्र बराच काळ हुलकावणी देत राहिला. मेथोप्रीनला दाद न देणाऱ्या फळमाशा १९८६ साली सापडल्या होत्या. त्यांच्यात ज्या जनुकात बदल झाला होता, त्याचे प्रथिन हाच तो ग्राही, याची खात्री २०११ साली पटली. खोटा निरोप न ऐकणाऱ्या माशीनेच खऱ्या निरोपाचा पत्ता दिला, असे म्हणायला हरकत नाही.

खरे बालसंप्रेरक कामानंतर विकरांकडून मोडले जाते. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन यांच्यावर त्या विकरांची मात्रा सहज चालत नाही. त्यामुळे वेळापत्रक बदलण्याची वेळ झाली, तरी भिंतीवरचे जुने वेळापत्रक कोणी काढतच नाही आणि घंटा तर वाजते. मग शरीराचा काही भाग कोषाच्या वाटेने पुढे जातो, काही भाग मागे राहतो. असा अर्धामुर्धा जीव जगू शकत नाही.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. वाढ बिघडवणारे प्रत्येक द्रव्य संप्रेरकांवर काम करते असे नाही. डासांविरुद्ध आपल्याकडेही वापरले जाणारे डायफ्लुबेंझुरॉन घ्या. ते कवचातील कायटिन तयार होऊ देत नाही. म्हणजे निरोप बरोबर पोचतो, पण काम करायला सामानच मिळत नाही. वरून दोन्ही प्रकारांत कात टाकताना झालेला मृत्यूच दिसतो. कारण ओळखायला आत पाहावे लागते.

शेजाऱ्यांनाही हीच भाषा कळते

पाण्यात डासाची अळी एकटी नसते. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या तळाशी गाळ हलवून पाहिला, तर लालभडक, बारीक, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. या कायरोनोमस गटातील चिलटांच्या अळ्या. मत्स्यालयवाले यांना 'ब्लडवर्म' म्हणतात. यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. मोठी झालेली चिलटे डासासारखी दिसतात, पण चावत नाहीत आणि काही दिवसांतच मरतात. संध्याकाळी पाण्याकाठच्या दिव्याभोवती त्यांचेच थवे असतात. गाळातील कुजके द्रव्य खाऊन वाढणाऱ्या या अळ्यांवर मासे जगतात, चतुराच्या अळ्या जगतात. हवेत आलेली चिलटे चतुर, कोळी, पाकोळ्या आणि वटवाघळे खातात. गाळातील अन्न पुन्हा जमिनीवर आणून देणारी ही एक मोठी वाहतूकच आहे. ती चालते रूपांतरणावर. अळ्या गाळात जिवंत राहिल्या, पण चिलटे झालीच नाहीत, तर पाण्याबाहेरच्या खाणाऱ्यांच्या वाट्याला काही येत नाही.

डास आणि चिलटे जवळचे नातेवाईक आहेत आणि त्यांची संप्रेरके एकच आहेत. मग एकासाठी धाडलेला निरोप दुसऱ्याने ऐकला तर नवल नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात राइट काउंटीमधील २७ पाणथळ जागांवर १९९१ ते १९९३ या काळात हे तपासले गेले. काही जागांवर मेथोप्रीन टाकले, काहींवर डासांच्या अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूची भुकटी टाकली आणि काही तशाच ठेवल्या. पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मात्र फवारलेल्या जागांत चिलटांसह पाण्यातील कीटकांची संख्या खूप घटलेली आढळली. त्यांच्यावर जगणारे शिकारी कीटकही कमी झाले. काठावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर मात्र स्पष्ट परिणाम आढळला नाही. हा प्रयोग एकाच वर्षात आटोपला असता, तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

कीटकांचे दूरचे नातलग असलेल्या पाणपिसवांतही हे दिसते. अनुकूल परिस्थितीत पाणपिसूची मादी नराशिवाय पिल्ले देते आणि ती सर्व माद्याच असतात. पाण्यात मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असेल, तर तिला नर पिल्ले होऊ लागतात, असे २००३ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले. पाणपिसवांमध्ये बालसंप्रेरकाशी मिळतेजुळते एक संप्रेरक आहे आणि पिल्लाचे लिंग ठरवण्यात त्याचा वाटा आहे. तीच भाषा, पण अर्थ वेगळा!

नकळत होणारी ढवळाढवळ

आतापर्यंत पाहिलेली बहुतेक द्रव्ये कीटकांसाठी मुद्दाम बनवलेली होती. पण नदीत जाणारी इतर रसायने? कारखान्यांचे अवशेष, प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये, जहाजांचे रंग?

अशी द्रव्ये संप्रेरकांच्या कामात तीन प्रकारे ढवळाढवळ करू शकतात. एक, ग्राहीला स्वतःच जाऊन बसणे आणि खोटा निरोप देणे. दोन, ग्राहीची जागा अडवून खरा निरोप पोचू न देणे. तीन, संप्रेरक तयार होण्याचा किंवा मोडण्याचा वेग बदलणे.

या बाबतीतले सर्वांत गाजलेले उदाहरण कीटकांचे नसून समुद्रातील शंखांचे आहे. जहाजांच्या तळावर शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिल टिन मिसळत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आहेत, असे १९७० साली नोंदले गेले. पुढे याचे कारण हे टिनचे संयुग असल्याचे सिद्ध झाले. लिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग, एवढीही मात्रा त्याला पुरत होती. जहाजांवर त्याच्या वापराला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ साली तो अमलात आला. हे संयुग ज्या ग्राहीला बसते, तोही २००४ साली सापडला. कीटकांत त्याचा भाऊबंद शोभेल असा एक ग्राही आहे आणि एक्डायसोनच्या ग्राहीला काम करताना त्याच्याशी जोडी जमवावी लागते. साहजिकच ट्रायब्युटिल टिनचा कीटकांवर काय परिणाम होतो, असा प्रश्न आला. जर्मनीत कायरोनोमसच्या अळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून, २००२ साली, या संयुगामुळे अळीच्या शरीरात एक्डायसोन तयार होण्याचे प्रमाण बदलते असे दिसले. नर अळ्यांत आणि मादी अळ्यांत हा बदल उलट दिशांनी झाला होता.

प्लॅस्टिक उद्योगातील बिस्फेनॉल ए या द्रव्याचेही असेच. कायरोनोमसच्या अळ्या त्यात ठेवल्यावर एक्डायसोनच्या ग्राहीचे जनुक अधिक जोमाने काम करू लागते, हे स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले. मात्र त्यांनी वापरलेली मात्रा लिटरला काही मिलिग्रॅम होती. नद्यांच्या पाण्यात ती साधारणपणे त्याच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते.

हा मात्रेचा प्रश्न नजरेआड करून चालणार नाही. ब्रिटनमध्ये फळमाशीच्या पेशी वापरून अनेक प्रदूषकांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक प्रदूषकांचा एक्डायसोनच्या ग्राहीवर काही परिणाम दिसला नाही. बिस्फेनॉल ए, लिंडेन हे कीटकनाशक आणि एक थॅलेट यांनी ग्राहीला अडवले खरे, पण फार मोठ्या मात्रेत. माणसाच्या संप्रेरकांना त्रास देणारे द्रव्य कीटकालाही तसाच त्रास देईल, असे गृहीत धरता येत नाही. कुलूप वेगळे असले की किल्लीही वेगळी लागते.

बेडकांपासून मिळालेला धडा

घाईने कारण ठरवू नये, हे सांगणारी एक गोष्ट त्याच मिनेसोटा राज्यातली आहे. १९९५ सालच्या ऑगस्टमध्ये हेंडरसन गावाजवळच्या तळ्यावर सहलीला गेलेल्या शाळेच्या मुलांनी बेडूक पकडले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे पाय विकृत होते. कोणाला पाय कमी, कोणाला जास्त. मुलांनी आणि शिक्षिकेने ते अधिकाऱ्यांना कळवले आणि देशभर खळबळ उडाली. संशय मेथोप्रीनवर गेला. त्याला सबळ कारणही होते. उन्हात मेथोप्रीन मोडल्यावर तयार होणारी काही द्रव्ये रेटिनॉइक आम्लासारखी वागतात आणि हे आम्ल प्राण्यांच्या गर्भात पाय कुठे फुटावेत हे ठरवण्यात भाग घेते.

तपास पुढे गेला तसे चित्र बदलले. प्रयोगशाळेत विकृती निर्माण करायला लागणारी मात्रा तळ्यांत आढळणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच जास्त होती. शिवाय विकृत बेडूक सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी मेथोप्रीन वापरलेलेही नव्हते. १९९९ साली असे सिद्ध झाले, की गोगलगायींतून येणारा एक परजीवी कृमी बेडूकमाशाच्या पायाच्या अंकुरात घर करतो आणि त्यामुळे जादा पाय फुटतात. अनेक ठिकाणच्या विकृतींचे कारण हे निघाले. म्हणून मुलांची नोंद कमी महत्त्वाची ठरत नाही, कारण त्या नोंदीमुळेच शोध सुरू झाला. नोंद करणे आणि कारण सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढेच आपण त्यातून शिकायचे.

कायरोनोमसच्या अळ्यांतही असा पेच आहे. प्रदूषित गाळातल्या अळ्यांचे दात वेडेवाकडे असतात, असे कॅनडातील तलावांत १९७१ साली नोंदले गेले. पुढे इतर देशांतही ते आढळले. मुखावयव हे कात टाकताना नव्याने घडतात, तेव्हा संप्रेरकांवर संशय येतो. पण नुसत्या वाकड्या दातांवरून दोषी कोण, जड धातू, कीटकनाशक की आणखी काही, हे सांगता येत नाही.

मग मोजायचे काय?

या सर्वांतून एक गोष्ट निश्चित होते. कीटकांच्या बाबतीत 'किती मेले' हा प्रश्न अपुरा आहे. 'किती प्रौढ झाले, किती दिवसांत झाले, त्यांनी अंडी घातली का आणि ती उबली का' हे विचारायला हवे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना या आंतरराष्ट्रीय संस्थेने रसायनांच्या तपासणीसाठी २००४ साली कायरोनोमसची जी पद्धत ठरवली, तिच्यात अळीपासून किती चिलटे बाहेर पडली ते मोजतात. २०१० सालच्या पद्धतीत पुढच्या पिढीपर्यंत लक्ष ठेवतात. अशा चाचणीला काही आठवडे लागतात, खर्चही अधिक येतो. ९६ तासांची कसोटी निरुपयोगी नाही. तीव्र विष ती पटकन ओळखते. पण तिच्यात उत्तीर्ण झालेले पाणी चतुराला, चिलटाला मानवेलच असे म्हणता येत नाही.

डासांचा बंदोबस्त तर करायलाच हवा. डेंग्यू, मलेरिया यांचे दुःख ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. घराजवळची टाकी, पिंप, कूलर, टायर यांत डासांखेरीज फारसे कोणी नसते. तिथे असे औषध वापरणे आणि चतुर, मासे, बेडूक नांदत असलेल्या तळ्यात ते ओतणे, या दोन गोष्टींची किंमत सारखी नाही. तळ्यातले चतुर आणि मासे डासांच्या अळ्या फुकट खात असतात, हेही हिशेबात धरायला हवे.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून डासाच्या २० अळ्या त्याच पाण्यासह रुंद तोंडाच्या बरणीत घ्याव्यात. तोंडावर मलमलीचे दुहेरी कापड घट्ट बांधावे. रोज ठरावीक वेळी अळ्या, कोष, डास आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कोषांच्या रिकाम्या काती मोजून तक्ता करावा. २० पैकी किती डास झाले, त्याची टक्केवारी काढावी. बरणीत कोणतेही रसायन घालू नये. डास बाहेर सोडू नयेत. प्रयोग संपल्यावर शिक्षकांनी कापड न सोडता त्यावरूनच साबणाचे पाणी आत ओतावे, बरणी हलवावी आणि सर्व डास व अळ्या मेल्याची खात्री करून मगच ती रिकामी करावी.

२. तळ्याच्या किंवा संथ ओढ्याच्या काठच्या गवतावर, लव्हाळ्यावर चतुर आणि टाचण्या यांच्या कोरड्या काती चिकटलेल्या सापडतात. पाठीवर चीर पडलेली असते, तिच्यातून प्रौढ कीटक निघून गेलेला असतो. काठाची दहा मीटर लांबी ठरवून दर आठवड्याला तिथल्या काती गोळा कराव्यात, मोजाव्यात आणि तारीख, पाऊस, पाण्याची पातळी यांसह नोंदवाव्यात. पाण्यात उतरू नये.

अशी प्रत्येक कात म्हणजे या पाण्यात एका अळीचे रूपांतरण शेवटपर्यंत पार पडले, याचा पुरावा आहे. काती मिळाल्या नाहीत, तर त्याची कारणे अनेक असू शकतात : मासे, पूर, उपटलेले गवत, थंडी, किंवा पाण्यातले काही. त्यांतले कोणते, हे एका वर्षात कळणार नाही. पण एकाच काठाच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी शाळेच्या कपाटात असतील, तर कोणी तज्ज्ञ विचारायला आल्यावर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल. पहिली नोंद या पावसाळ्यातच करता येईल.